पुढून तंबोरा, मागून ट्रॅक्टर

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते बघावं. एक्स-रेचं मोठं पाकीट असेल तर तो दवाखान्याकडे जाणार, लांबलचक खोळीतला तंबोरा असेल तर सतारमेकर गल्लीकडे. रिक्षावाले पत्ताही विचारत नाहीत. ज्याच्या हातात दोन्ही नाही तो गाडी बदलायला उतरलेला असतो आणि वडापाव खातो.

गावाची ही दोन खाती वेगवेगळी आहेत असं मात्र समजू नये. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याने दुखावले म्हणून त्याला उपचारासाठी मिरजेला आणलं. नजर पूर्ववत झाली नाही, पण इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर भेटले आणि तो मुलगा पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर झाला. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगने आजारी होते, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, असं आमच्याकडे सांगतात. ते मिरजेचेच झाले, १९३७ साली गेल्यावर त्यांना दर्ग्याच्या आवारातच दफन केलं, आणि उरुसात आजही मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात. तेव्हा मिरजेत आजारी पडायचं, बरं व्हायचं आणि मग गाण्याबजावण्याच्या नादी लागायचं, ही इथली जुनी वहिवाट आहे. मी त्याच वाटेने गेले. फक्त तंबोऱ्याऐवजी इलेक्ट्रिक गिटार करवून घेतली, आणि तीही वयाच्या अशा टप्प्यावर की जेव्हा बायका गुडघ्यांचे फोटो काढून घेतात.

मला झाला होता गियाँ-बारे सिंड्रोम. आता या नावाला वजन आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याची साथ आली, दोनशेहून जास्त रुग्ण झाले, आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं घराघरात पोहोचली. माझा आजार त्याच्या आधीचा, म्हणजे प्रसिद्धीपूर्व काळातला. तेव्हा हे नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, “म्हणजे पॅरालिसिस का?” नाही म्हटलं की “मग बी-ट्वेल्व्ह असणार.” तेही नाही म्हटलं की आवाज खाली आणून, “घरात काही टेन्शन?” साथ आल्यावर मात्र याच मंडळींनी घरी येऊन मला माझ्या आजाराची इत्थंभूत माहिती दिली. कोंबडी नीट शिजवायची, पाणी उकळून प्यायचं. मी मान डोलवत ऐकून घेतलं. माझा आजार होऊन गेला होता, त्यांचा नुकताच सुरू झाला होता.

१९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून हा आजार नोंदवला. पुढे नावातून स्ट्रोल गळला. तो आमच्या सांगलीकडचा असता तर हे प्रकरण अजून कोर्टात चालू असतं.

आमच्या डॉक्टरांनी आजार फार सोपा करून सांगितला. “मॅडम, नसा म्हणजे वायरी. तुमच्या शरीराच्या संरक्षक पेशींनीच वायरीवरचं प्लास्टिक कुरतडलंय. आतली तार बरीचशी शाबूत आहे, पण करंट पोहोचत नाही.” मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे मी विचारलं, “गळती किती टक्के?” यावर त्यांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केली. पाय हलला नाही. उत्तर मिळालं.

हा आजार पायांकडून वर चढतो. आधी चप्पल पायात राहीना, मग जिना चढवेना, मग एका सकाळी चहाचा कप उचलवेना. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात आणि त्याची किंमत ऐकून नातेवाइकांना चक्कर येते. सासूबाईंना किमतीपेक्षा वेगळी काळजी होती. “कुणाकुणाच्या रक्तातलं आहे हे?”

“हजारो लोकांच्या, आई,” ह्यांनी सांगितलं.

“त्यात सगळे असतील.”

“सगळे.”

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बरं आहे. एवढ्यांपैकी कुणाचं तरी लागू पडेल.”

लागू पडलं. पण कुणाचं, यावर आमच्या घरात एकमत झालेलं नाही. सासूबाईंनी नृसिंहवाडीच्या दत्ताला, सांगलीच्या गणपतीला आणि औदुंबरला वेगवेगळे नवस बोलून ठेवले होते, शिवाय भाजीवालीच्या हाती मीरासाहेबांना चादरही कबूल केली होती. जाऊबाईंनी काढा पाठवला होता. पुण्याच्या भाच्याने कुठला तरी मंत्र मोबाइलवर लावून उशाशी ठेवायला सांगितला होता. मी चालायला लागले तसे हे सगळे श्रेयासाठी पुढे आले. ह्यांनी, बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे, वहीत तारखा मांडून सिद्ध केलं की सुधारणा इंजेक्शननंतर सुरू झाली. सासूबाईंनी त्याच वहीतून सिद्ध केलं की ती तारीख गुरुवारची होती.

नवस फेडायची यात्रा झाली. वाडीला पेढे, गणपतीला एकवीस नारळ, औदुंबरला अभिषेक, दर्ग्यात चादर. आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे एवढंच अपेक्षित असतं. देवाचं देवाला द्यावं, डॉक्टरांना फराळाचा डबा द्यावा आणि उरलेलं आयुष्य जपून वापरावं. बरं झाल्याबद्दल माणसाने स्वतःला काही द्यावं, ही कल्पनाच आमच्याकडे नाही. फार तर स्वेटर.

माझ्या गिटारीला सुरुवात मात्र फिजिओथेरपीच्या खोलीत झाली. फिजिओथेरपिस्ट म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी. तिने मला मऊ गोळा दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला आणि काढायला लावले, एका परातीत राजमा, वाटाणे आणि हरभरे मिसळून ते बोटांनी वेगळे करायला सांगितलं. हा शेवटचा व्यायाम सासूबाईंना मनापासून पटला. त्यांनी वर्षाची तूरडाळ, गहू आणि तांदूळ माझ्याकडून निवडून घेतले. घरात खडा राहिला नाही.

एक दिवस ती मुलगी म्हणाली, “मॅडम, आता एक ध्येय ठरवू या. हाताने तुम्हाला परत काय करायचंय?” शेजारच्या कॉटवरच्या काकू तत्परतेने म्हणाल्या, “पोळ्या.” मी म्हटलं, “इलेक्ट्रिक गिटार वाजवायचीय.” ‘परत’ हा शब्द मी सोडून दिला होता, कारण मी ती कधी हातातही धरली नव्हती.

धरावीशी वाटली होती मात्र फार पूर्वी. आमच्या लहानपणी गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा येत. त्यात एक उभट चेहऱ्याचा माणूस लाल गिटार घेऊन बाजूला उभा असे आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याची सुरावट सुरू करी. मंडप एकदम ताठ बसे. मूळ गाण्यात ती गिटार भूपिंदर सिंगांनी वाजवली होती, ज्यांना पुढे आपण गझलगायक म्हणून ओळखू लागलो. मला गायक दिसतच नसे. मी त्या लाल गिटारीकडे बघत बसे. घरी तेव्हा सांगितलं असतं तर हार्मोनियमच्या क्लासला घातलं असतं.

फिजिओची मुलगी हुशार. तिने लगेच माहिती काढली आणि कागदावर लिहिलं, ‘ध्येय : एफ कॉर्ड.’ या कॉर्डमध्ये तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून उरलेल्या बोटांनी आणखी तीन जागा धरायच्या असतात. धडधाकट तरुण इथे गिटार सोडून देतात, असं ती आनंदाने म्हणाली.

ह्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. “ऑनलाइन चौदा हजारांत येते. दोन दिवसांत दारात.” खरं होतं. पण चौदा हजारांची गिटार चौदा हजारांच्या हातासाठी केलेली असते. माझ्या बोटांत जोर कमी, पंजा लहान, खांद्याला वजन नको. शिवाय कित्येक महिने मी एका जागी पडून होते आणि लोक माझं मोजमाप घेत होते; ताप, रक्तदाब, श्वास, लघवी. आता मला कशाचं तरी मोजमाप घ्यायचं होतं.

आणि मी एकटी नव्हते. गिटारीचा इतिहास दुखऱ्या हातांनी भरलेला आहे. जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ साली आगीत भाजला, दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, त्याने उरलेल्या दोन बोटांवर जगाला नाचवलं. टोनी आयोमीच्या बोटांची टोकं १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि ब्लॅक सॅबथचा तो जड, काळाकुट्ट आवाज काढला. लेस पॉलचा १९४८ साली मोटारीचा अपघात झाला, उजव्या कोपराचा चुरा झाला. त्याने डॉक्टरांना सांगितलं, हात पुन्हा सरळ होणार नसेल तर गिटार धरता येईल अशा कोनात बसवा. ही यादी मी ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “यातल्या एकानेही पेन्शनमधून केलेली नाही.”

बरोबर आहे. पण ब्रायन मेने केली होती, पेन्शनमधून नसली तरी पैसे नसताना. क्वीन या बँडचा हा गिटारवादक शाळेत असताना त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार बनवली. १९६३ साली सुरुवात केली आणि दोनेक वर्षं खपले. लाकूड जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं महोगनी, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. हा मुलगा पुढे खगोलशास्त्रात पीएचडी झाला, तेव्हा तो मला आधीपासूनच आमच्यातला वाटत होता. त्याच्या गिटारीच्या तारांची लांबी २४ इंच, बाजारातल्या बऱ्याच गिटारींपेक्षा दीड इंच कमी. लांबी कमी म्हणजे ताण कमी, म्हणजे माझ्या बोटांना झेपणार. माप ठरलं.

ते घेऊन मी सतारमेकर गल्लीत चाचांकडे गेले. चाचांच्या घराण्यात चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. मूळचे हे सगळे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस गेले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हे हात लाकडाकडे वळले. आता मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. अशा माणसापुढे मी गिटारचं चित्र पसरलं.

चाचांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. “ह्येला भोपळा कुठाय?”

“भोपळा नसतो चाचा. भरीव फळी.”

“आतून पोकळ?”

“नाही. सगळीकडून भरीव. पावणेदोन इंच जाड.”

“मग आवाज कुठून येणार, बाई?”

“विजेतून.”

“आन् लाइट गेल्यावर?”

या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. एक समाधान होतं, विजेतून आवाज येतो का हा संशय अमेरिकन सरकारच्या पेटंट कचेरीलाही आला होता. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार १९३१-३२च्या सुमारास जॉर्ज बीचमने केली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. तिचं पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं.

चाचांच्या अंगणात मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे उन्हात वाळत होते, काही माझ्या कमरेएवढे. त्यांच्या मधून वाट काढत आम्ही लाकूड निवडायला गेलो. तंबोऱ्याची दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची असते. तूण आणि महोगनी एकाच कुळातले, हे मी सांगताच चाचा एकदम मऊ झाले. परक्या मुलीचं आपल्या भावकीत नातं निघावं तसं झालं. “मग ह्येला तूणच घालू. धा वर्सं वाळलेला तुकडा हाय.” मानेसाठी सागवान, आणि वरच्या पट्टीसाठी शिसव. ही आपली शिसव जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांवर बसलेली आहे. एवढा प्रवास करून ती माझ्याकडे मात्र दोन गल्ल्या ओलांडून आली.

खरी अडचण पडद्यांवर आली. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात. राग बदलला की सरकवायचे. गिटारीचे पडदे पट्टीत खाचा पाडून ठोकून बसवतात, कायमचे. मी गणित मांडून नेलं होतं. तारेची लांबी १७.८१७ने भागायची, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, दुसरा पडदा. माझा पहिला ३४.२ मिलिमीटरवर पडत होता आणि बारावा बरोबर अर्ध्यावर. चाचांनी कागद बघितला नाही. त्यांनी एक तार ताणली, माझ्या मापावर चौथ्या पडद्याच्या जागी बोट ठेवलं, छेडली आणि तोंड वाकडं केलं.

“गंधार चढलाय.”

चढलाच होता. सप्तकाचे बारा समान भाग केले की शुद्ध गंधार आपल्या नैसर्गिक जागेपेक्षा साधारण चौदा सेंट वर बसतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. सगळं पाश्चात्त्य जग या चढ्या गंधारावर चाललंय, पियानोसुद्धा, हे मी समजावून सांगितलं. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यावर ज्यांचे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेत, त्यांना हे पटणं शक्य नव्हतं.

“सगळं जग?” चाचांनी विचारलं.

“जवळजवळ.”

“आन् त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई?”

शेवटी चाचांनी पडदे माझ्या मापाने बसवले, पण यजमानांच्या आग्रहाखातर खारट आमटी पिणारा माणूस करतो, तसं तोंड करून. आणि पोराला बजावलं, हे काम कुणी विचारलं तर दुसऱ्याच्या दुकानातलं म्हणून सांगायचं.

आता वीज. गिटारीचा आवाज पिकअपमधून येतो. तारेखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत करंट उपजतो. १८३१ सालचा फॅराडे. मी तो बावीस-पंचवीस बॅचना शिकवला, सगळ्यांनी तो परीक्षेत लिहिला आणि एकानेही पुढे वापरला नाही. मी वापरायचं ठरवलं. आमच्या भागात वेढे भरणाऱ्यांना तोटा नाही. ऊस म्हटला की पंप, पंप म्हटला की जळालेली मोटर, आणि जळालेली मोटर म्हटली की पंढरपूर रोडला रिवाइंडिंगची दुकानं.

“कितीची मोटार, म्याडम? तीन की पाच?” दुकानदाराने विचारलं.

“मोटर नाही. आठ हजार वेढे भरायचेत. काडेपेटीहून लहान कॉइल आहे.”

तो उठून उभा राहिला. आठ हजार ऐकून त्याला वाटलं कारखान्याचं काम आलं. मग मी तारेचं रीळ दाखवलं. मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढी जाड, इनॅमलचा मुलामा दिलेली तार. त्याने ती उजेडात धरली, दिसली नाही. खिडकीकडे नेली, दिसली. “ह्यो तर केस हाय,” म्हणाला. त्याच्या यंत्रावर लावली तर पहिल्याच झटक्याला तुटली. दुसऱ्यांदा तुटली. दुकानात पंप सोडवायला आलेले दोन शेतकरी कौतुकाने बघत बसले. एकाने सुचवलं, जरा जाड तार घाला की, पाणी जास्त ओढंल.

शेवटी काम झालं सासूबाईंच्या शिवणयंत्रावर, बॉबिन भरायच्या चाकावर. वेढे मोजायला मी जुना कॅल्क्युलेटर उघडला, बरोबरच्या चिन्हाच्या बटणाला रीड स्विच जोडला आणि चाकाला छोटं चुंबक चिकटवलं. एक अधिक एक दाबून ठेवायचं. चाक फिरेल तसा आकडा एकेकाने वाढतो. रिवाइंडिंगवाला हे बघायला मुद्दाम घरी आला, आणि तार चिमटीत धरायचं कामही त्यानेच केलं, कारण माझी बोटं तेवढी हलकी अजून झाली नव्हती. त्याचा हात अजिबात कापत नव्हता. पाच अश्वशक्तीच्या मोटरी भरणाऱ्या माणसाकडे एवढी मऊ चिमटी असते, हे बाहेरून कळत नाही. सासूबाई वेढे मोठ्याने वाचत होत्या. दोन हजारांनंतर त्यांनी ते रामनामात धरून टाकले.

भरलेली कॉइल वितळलेल्या मेणात बुडवावी लागते, नाहीतर मोठ्या आवाजात ती शिट्ट्या मारते. पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण एका वाटीत, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. घरभर वास. ह्यांनी वहीत लिहिलं, ‘मेण : एकशे ऐंशी.’ मी वही उलटून बघितली तर गिटारीचा सगळाच खर्च ‘औषधोपचार’ या सदराखाली होता. तिकडे लाकूड, तारा, चुंबकं, खुंट्या, वर इम्युनोग्लोब्युलिन. एका रांगेत. मला फार बरं वाटलं. मी काही बोलले नाही, नाहीतर त्यांनी सदर बदललं असतं.

रंग ठरवायला आमच्याकडे बैठक झाली. मला लाल हवा होता, ऑर्केस्ट्रातल्यासारखा. जाऊबाईंना मोतिया, भाच्याला काळा. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा आमच्या कोपऱ्यावरचा मुलगा म्हणाला, एका ट्रॅक्टरचा लाल रंग उरलाय, फुकट मारून देतो. ह्यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेत लिओ फेंडरच्या कारखान्यातल्या रंगीत गिटारीसुद्धा मोटारगाड्यांचे रंग मारूनच निघाल्या. पण चाचांनी ट्रॅक्टर हा शब्द ऐकला आणि गिटार पोटाशी धरली. धा वर्सं वाळलेल्या तुणावर ट्रॅक्टर? त्यावर चपड्याचं पॉलिशच होणार, आणि कडेने वेलबुट्टी. गाणाऱ्या माणसाने त्या बाजूने बघितलं तर त्याला शरम वाटता कामा नये.

तोडगा निघाला. दर्शनी बाजूला चपडा, तंबोऱ्यावर असतात तशी कोरीव पानं, आणि पडद्यांच्या खुणांना सासूबाईंच्या जुन्या पोलक्याची शिंपल्याची बटणं. मागची बाजू ट्रॅक्टरची. मी बसून वाजवते तेव्हा लोकांना मिरज दिसते. उठून आत जाते तेव्हा नांगरणी.

तारा चढवायच्या दिवशी चाचा स्वतः घरी आले. बारीकात बारीक तारा, सहांचा मिळून ताण चौतीस-पस्तीस किलो. मान वाकू नये म्हणून तिच्यात पोलादी सळई घातली होती. ती चाचांना दुखण्यातल्या माणसाला पट्टा घालतात तसली वाटत होती, पण माझ्याकडे बघून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. मी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली, तार छेडली. स्वच्छ, गोल, काचेचा आवाज. मला वाटलं झालं.

चाचा म्हणाले, “तार मेलीय.”

गिटारवाले जन्मभर धडपडतात की तार कुठेही झणझणू नये. मिरजेत जन्मभर धडपडतात की ती झणझणावी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका उतरवायचा, की तार त्यावर टेकते न टेकते. मग खाली दोऱ्याचा एक धागा सरकवायचा, आणि एका ठरावीक जागी तो आला की सगळी वाफ मोकळी होते. याला जवारी म्हणतात आणि ती काढायला तास लागतो, शिकायला जन्म. मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात चाचांनी खिशातून कानस काढली. बाहेर आले तर पहिल्या दोन तारांची घोडी उतरवून झाली होती आणि दोऱ्याचा शोध चालू होता. तो त्यांना सासूबाईंनी दिला, वातीचा.

पुन्हा छेडली. ॲम्प्लिफायरमधून असा काही झंकार आला की समोरच्या घरातून विचारायला माणूस आला, कुणाचं गाणं आहे. मी चाचांना सांगितलं की अमेरिकेत १९६७ साली एका गिटारवाल्याने मुद्दाम अशी झणझणणारी घोडी करून इलेक्ट्रिक सतार म्हणून विकली होती.

“कितीला?”

“ते माहीत नाही.”

“न्हाई, इचारून ठिवा,” चाचा म्हणाले. त्यांनी पोराला जे बजावलं होतं ते त्या संध्याकाळी मागे घेतलं. रिवाइंडिंगवाल्याने तर पाटीच बदलली. ‘सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील’ याच्या खाली आता ‘व गिटार’ असं आहे.

सासूबाईंचा एक नवस राहिला होता, सत्यनारायणाचा. त्या दिवशी सगळ्यांना गिटार ऐकायची होती. फिजिओची मुलगी आली, दुकानदार आला, चाचा कोपऱ्यात खुर्चीवर बसले. कथा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मी गिटार गळ्यात घातली, आणि लाइट गेली. चाचांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, सभ्य माणूस. मी तशीच वाजवली. भरीव लाकडातून आवाज येतो तेवढा आला, म्हणजे पहिल्या रांगेपर्यंत. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांना तसंही कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, “किती शांत वाजवतेस गं. मी उगाच घाबरत होते.”

परवा डॉक्टरांकडे तपासणीला गेले ते गिटार घेऊनच. त्यांनी रबरी हातोडी मारली, पाय उडाला. बोटांची ताकद बघितली. पाचपैकी पाच लिहायला पेन टेकवणार, तेवढ्यात फिजिओच्या मुलीने ध्येयाचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. मग मला एफ कॉर्ड धरायला सांगितली. सहापैकी चार तारा वाजल्या, पाचवी दबकत, सहावी गप्प. डॉक्टरांनी कान जवळ आणून पुन्हा वाजवायला लावली, बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकवायला लागले, आणि एका कानडी आजोबांनी तर दोन रुपये पुढे केले. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : ‘ताकद पाचपैकी साडेचार. एफ कॉर्ड अजून नाही. रोज अर्धा तास सराव. दोन महिन्यांनी दाखवणे.’

बाहेर काउंटरवर हे विचारत होते की ही फी तपासणीची समजायची की शिकवणीची, कारण दोन्हींची सदरं वेगळी आहेत. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, तपासणीचीच. मग बिलावर तसा शिक्का मारा, असं म्हणून त्यांचं आणि तिचं जे वाजलं, ते मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.